मुलाचं वजन: कारण कोणतं, दोष कोणाचा?



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा लहान मुलांच्या लठ्ठपणाशी काय संबंध? औषध किंवा पथ्य सांगणं हे माझं काम नाही, ते डॉक्टरांनीच सांगावं. पण या विषयात एक शब्द सारखा येतो आणि तो आमच्या शास्त्राचा आहे. तो शब्द म्हणजे 'कारण'. मूल जाड झालं की आजी म्हणते, आपल्या घराण्याचा बांधाच तसा. वडील म्हणतात, आईने लाडावून ठेवलंय. शेजारी म्हणतात, मोबाइल. शाळेतली पोरं कारणाच्या भानगडीत पडत नाहीत, सरळ टोपणनाव ठेवतात. मोठ्यांच्या या उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. पण ती सगळी एकाच प्रश्नाची उत्तरं नव्हेत, आणि घोटाळा तिथेच होतो.

आधी हे पाहू की प्रश्न एवढा गंभीर का. हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी-साठीचा माणूस येतो. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाचं एक छोटं गाव आहे. डॉ. जेरल्ड बेरेन्सन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुलांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मोजायला सुरुवात केली आणि ते काम अनेक दशकं चालू राहिलं. पुढे या गावातली काही मुलं आणि तरुण, बरेचसे अपघातांत, दगावले. २ ते ३९ वयाच्या अशा २०४ जणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात कोवळ्या वयातल्यांच्याही रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चरबीचे पट्टे आढळले. ज्यांची हयातीतली मोजमापं हाताशी होती, त्यांच्याबाबत असंही दिसलं की वाढलेलं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशी धोक्याची लक्षणं जितकी जास्त एकत्र येतात, तितका हा बिघाड अधिक पसरलेला असतो. म्हणजे साठीतल्या आजाराची सुरुवात शाळेच्या वयात होऊ शकते.

यात घाबरवण्याचा हेतू नाही, कारण याला दुसरी बाजूही आहे. बोगालुसासह चार दीर्घ अभ्यासांतल्या ६,३२८ जणांची माहिती एकत्र करून २०११ साली एक निष्कर्ष मांडला गेला. लहानपणी वजन जास्त असलेली, पण मोठेपणी लठ्ठ नसलेली माणसं बघितली, तर त्यांचा मधुमेह, रक्तदाब वगैरेंचा धोका कधीच जाड नसलेल्यांच्या जवळपास येतो. म्हणजे वाट परतीची आहे.

आता कारणाकडे येऊ. आजीचं म्हणणं आधी घेऊ, कारण ती सहसा दुर्लक्षित राहते. अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली डेन्मार्कमधल्या ५४० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे लहानपणी दत्तक गेलेले. त्यांचा स्थूलपणा कोणाशी जुळतो, ज्यांनी जन्म दिला त्यांच्याशी की ज्यांच्या घरी जेवून ते मोठे झाले त्यांच्याशी? उत्तर आलं, जन्मदात्यांशी. पालनकर्त्यांशी संबंध दिसेना. आजी जिंकली!

पण थांबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार ५ ते १९ वयोगटातल्या लठ्ठ मुलांचं प्रमाण १९९० साली २ टक्के होतं, ते २०२२ साली ८ टक्के झालं. बत्तीस वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. मग घराण्याचा बांधा तोच असताना मुलं इतकी बदलली कशी?

इथे ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ मदतीला येतात. १९८५ साली त्यांनी एक साधा भेद सांगितला. 'याच माणसाला हा आजार का झाला?' हा एक प्रश्न. 'या समाजात हा आजार इतका का आहे?' हा वेगळा प्रश्न. त्यांचं उदाहरण रक्तदाबाचं होतं. लंडनमधल्या सरकारी नोकरांत एकाचा रक्तदाब दुसऱ्यापेक्षा जास्त का, हे शोधून काढलं, तरी केनियातल्या भटक्या जमातींपेक्षा लंडनच्या सगळ्या कचेरीचाच रक्तदाब जास्त का, हे त्यातून कळत नाही. आणखी पुढे जाऊन ते म्हणतात, समजा सगळीच माणसं रोज वीस सिगारेटी ओढत असती, तर फुफ्फुसाचा कर्करोग हा आनुवंशिक आजार आहे असंच आपण म्हटलं असतं. कारण जे सर्वांच्या बाबतीत सारखं असतं, ते तुलनेत दिसतच नाही.

आपल्याकडे न्यायदर्शनात साधारण कारण आणि असाधारण कारण असा भेद आहे. घडा घडवताना कुंभाराचा दंड हे त्या घड्याचं असाधारण कारण. दिक् आणि काळ ही साधारण कारणं, कारण ती प्रत्येकच कार्याच्या मागे असतात. मी हे शब्द इथे जरा सैलपणे वापरतोय, जाणकारांनी चालवून घ्यावं. मुद्दा एवढाच की आपण सवयीने असाधारण कारण शोधतो. हे मूल जास्त खातं, ही आई जास्त वाढते. ज्या वस्तीत सगळीच मुलं वाढतायत, ती वस्ती मात्र आकाशासारखी डोळ्यांआड राहते. डेन्मार्कच्या अभ्यासाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, दुसऱ्याचं नाही.

मग वस्तीचा परिणाम ओळखायचा कसा? वस्ती बदलून बघावी लागेल. अमेरिकेत असा प्रयोग झालाय. १९९४ ते १९९८ या काळात बॉस्टन, शिकागो, न्यूयॉर्क, बाल्टिमोर आणि लॉस एंजेलिस या पाच शहरांत, अतिशय गरीब वस्त्यांतल्या सरकारी घरांत राहणाऱ्या, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांची सोडत काढली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने राहण्यासाठी मदत मिळाली, काहींना नाही. दहा-पंधरा वर्षांनी घरातल्या बायकांची तपासणी केली. ज्यांना ही मदत देऊ केली होती, त्यांच्यात तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह, दोन्हींचं प्रमाण काही टक्क्यांनी कमी निघालं. ही मोजमापं आयांची, मुलांची नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं. पण घरचं पथ्य कोणी सांगितलं नव्हतं, व्यायाम शिकवला नव्हता. नशिबाच्या चिठ्ठीने फक्त पत्ता बदलण्याची सोय झाली होती.

आता कुटुंब. वस्ती आणि मूल यांच्यामध्ये घर उभं असतं. बाहेरचं काय आत घ्यायचं, हे घर काही प्रमाणात ठरवतं. पण घरालाही स्वतःचा भूतकाळ असतो. १९७२चा दुष्काळ पाहिलेली आजी नातवाच्या पानात आणखी एक पोळी टाकते, तो अडाणीपणा नाही. तिच्या काळात बाळसं धरलेलं मूल म्हणजे जगलेलं मूल. 'खात्यापित्या घरचा' हे आपल्याकडे कौतुकच होतं. परिस्थिती बदलली, पण वाढणारा हात जुन्या हिशेबाने चालतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे या गोष्टीला एक वेगळंच वळण मिळालं. १९९३पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळाचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं साधारण ३.५ किलो. पण वजनात एवढा फरक असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायू कमी, चरबी जास्त. याज्ञिकांनी अशा बाळांना 'कृश-स्थूल' या अर्थाचं नाव दिलं. म्हणजे आपल्याकडचं सडपातळ दिसणारं मूलही आतून तसं असेलच असं नाही. आणि आईचं गरोदरपणातलं पोषण, तिचे कष्ट, तिचं घर हे सगळं मुलाच्या शरीरात जन्माआधीच शिरलेलं असतं. त्या मुलाला काय दोष देणार?

घरात करता येण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिअॅन बर्च यांनी लहान मुलांच्या खाण्यावर अनेक प्रयोग केले. पोट भरल्याकडे लक्ष दे, असं ज्यांना शिकवलं ती मुलं भुकेप्रमाणे खाणं कमी-जास्त करत. ताट रिकामं कर, असं ज्यांना सांगितलं त्यांची ती जाण मंदावली. आणि एखादा पदार्थ कडक बंदीत ठेवला की त्याची ओढ उलट वाढते. आता आपल्याकडे 'पानात टाकायचं नाही' हा संस्कार आहे, आणि तो चांगलाच आहे. तो मोडायची गरज नाही. सुरुवातीला थोडं वाढावं, लागलं तर मुलाने पुन्हा मागावं. अन्नाचा मान राहतो आणि भुकेचाही. दुसरं, मुलाला वेगळं पथ्य नको. घरात एकालाच भाकरी-भाजी आणि बाकीच्यांना वडे, ही शिक्षा झाली. बदलायचं तर सगळ्या घराचं ताट बदलावं.

पण घराच्या हाताबाहेरचं ते घरावर ढकलू नये. पाच ते सतरा वयाच्या मुलाने रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुठे करावी? मैदानावर मंडप, गल्लीत गाड्या, पदपथावर दुचाक्या. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. आपापल्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून पन्नास पावलं मोजा, म्हणजे तो कितपत पाळला जातो ते कळेल. हे काम एकट्या आईचं नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडणारे आपण, मुलांच्या खेळायच्या जागेवर दहा मिनिटं बोलू शकतो.

*(श्रोत्यांतून प्रश्न: मग इच्छाशक्तीला काहीच अर्थ नाही का?)*

प्रश्न योग्य आहे. अर्थ आहे, पण कोणाच्या इच्छाशक्तीला, हे बघा. आठ वर्षांचं मूल किराणा भरत नाही, घराचा पत्ता निवडत नाही, मैदान वाचवू शकत नाही. जबाबदारी ही अधिकाराच्या मागे जाते. ज्याच्या हातात जितकं बदलणं आहे, तितकं त्याचं उत्तरदायित्व. या हिशेबात सर्वांत कमी वाटा मुलाचा येतो, आणि आज टोमणे सर्वांत जास्त त्यालाच मिळतात. निदान एवढं तरी आपण उद्यापासून बंद करू शकतो. त्याला ना जागा लागते, ना पैसा.

आणखी प्रश्न असतील तर घेऊ.