केळ्याबरोबर खायचा सूगो

इफ्तारची सुरुवात जगभर खजुराने होते, पण त्यापुढे प्रत्येक मुलखाचं ताट वेगळं. सोमालियात आधी समोसा येतो, त्याला तिथे संबूस म्हणतात. मगरिबची नमाज झाली की अनेक घरांत मोठं ताट मधोमध ठेवलं जातं. त्यात स्पॅगेटी, वर मटणाचा दाट तांबडा रस्सा आणि सोबत चक्क केळं!

स्पॅगेटीला सोमाली माणूस ‘बास्तो’ म्हणतो आणि रश्श्याला ‘सूगो’. इटालियन ‘पास्ता’ आणि ‘सुगो’चीच ही रूपं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीने दक्षिण सोमालियात पाय रोवले, ते दुसऱ्या महायुद्धापर्यंत. पुढे १९५० ते १९६० पुन्हा संयुक्त राष्ट्रांच्या वतीने कारभार इटलीकडेच होता. शबेले आणि जुबा नद्यांच्या काठी केळीचे मोठे मळे उभे राहिले, केळी जहाजांनी इटलीला गेली. फॅसिस्ट राजवटीत त्या मळ्यांवर सोमाली माणसं सक्तीने राबवली गेली. ताटातल्या केळ्यामागे हाही इतिहास आहे.

राज्यकर्ते गेले, पास्ता राहिला. पण होता तसा नाही. इटलीतल्या बोलोन्या शहराने आपल्या ‘रागू’ या मांसाच्या रश्श्याची कृती १९८२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली. त्यात डुकराची चरबी आणि वाइन आहे. सोमाली घरात दोन्हीला जागा नाही. तिथे बकऱ्याचं मटण आलं, कधी उंटाचंही, आणि वाइनच्या जागी ‘हवाश’ मसाला. जिरे, धणे, मिरी, वेलची, लवंग, दालचिनी, हळद. वाचताना आपल्याच घरचा मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटेल, आणि त्यात नवल नाही. अरबी समुद्रातून शतकानुशतके मसाल्याची गलबतं ये-जा करत होती.

घरी करायचा तर अर्धा किलो मटणाचे बोराएवढे तुकडे करावेत. खिमाही चालतो, पण तुकड्यांची मजा त्याला नाही. दोन कांदे तेलात मऊ होऊ द्यावेत, मग लसूण, सिमला मिरची आणि मटण. मटणाचं पाणी आटून ते तांबूस झालं की दोन चमचे मसाला, चार-पाच पिकलेले टोमॅटो, एखादा बटाटा आणि दोन पेले गरम पाणी. झाकण जरा तिरपं ठेवून मंद आचेवर दीड तास. कुकरच्या शिट्ट्यांनी मटण शिजेल, पण रस्सा पातळच राहील. मांसातला चिवटपणा हळूहळू विरघळतो आणि टोमॅटो आटतो, तेव्हाच सूगो स्पॅगेटीला धरून बसतो. शेवटी कोथिंबीर.

रमजानमध्ये खरी कसोटी मिठाची. विषुववृत्ताजवळच्या मोगादिशूत दिवस वर्षभर जवळपास सारखाच, त्यामुळे रोजा कधीही आला तरी साडेतेरा तासांच्या आसपास. रांधणारी स्वतः उपाशी असते. जिभेच्या टोकावर चव पाहून थुंकली, घशाखाली काही गेलं नाही, तर गरजेपुरतं चालतं, असं बहुतेक आलिम सांगतात. तरी अनेक बायका तेही टाळतात आणि वासावर, रंगावर, हाताच्या अंदाजावर स्वयंपाक करतात. हा अंदाज जगातल्या सगळ्याच उपवास करणाऱ्या घरांत ओळखीचा असेल. मीठ थोडं कमीच घालायचं, वरून घेता येतं.

१९९१ नंतरच्या यादवीत लाखो सोमाली देशोधडीला लागले. आज नैरोबी, लंडन, मिनियापोलिस इथल्या सोमाली घरांतही बास्तो शिजतो.

केळ्याचं म्हणाल, तर ते कुस्करायचं नाही. एक घास तिखट बास्तोचा, एक तुकडा केळ्याचा. शिकरण-पोळीवर वाढलेल्यांना हे फार परकं वाटू नये. उरलेला सूगो रात्रभर मुरतो. सहरीला पोळीशी खाल्ला तर इफ्तारपेक्षाही चवदार लागतो.