पद्मिनीचा पत्रा

२०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि आठवणींना भरती आली. काळ्या-पिवळ्या रंगाबद्दल, स्टिअरिंगजवळच्या गिअरबद्दल, टपावर ठेवलेल्या बोज्यांबद्दल लोक भरभरून बोलले. या गाड्यांचा पत्रा ज्यांनी वर्षानुवर्षं समुद्राच्या हवेत टिकवून धरला, ते डेंटर मात्र त्या आठवणींत फारसे आले नाहीत.

गाडी मूळची इटलीची. ट्युरिनच्या फियाटने १९५३ मध्ये ‘११००-१०३’ आणली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला घेतली आणि १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. त्यामुळे इथे गंज हा नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, कुजल्या की गाडी मधोमध खचते आणि दारं चौकटीला घासू लागतात. दार उचलून लावावं लागत असेल, तर जाणता डेंटर बिजागरीकडे बघायच्या आधी वाकून सिल बघतो.

परवान्यांच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. साहजिकच हातातली गाडी फेकायची नसे. मडगार्डला पोचा आला तर मडगार्ड बदलायचं हा विचारच परवडणारा नव्हता. त्या टंचाईतून हाताची जी कला घडली, तिचं मोल आपण अजून नीट जाणलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

पोचा काढणं म्हणजे ठोकाठोकी नव्हे. धक्का ज्या क्रमाने पत्र्यात शिरला, त्याच्या उलट क्रमाने तो बाहेर काढायचा. कडेला उठलेला शेवटचा उंचवटा आधी बसवायचा आणि खोल मध्याकडे सर्वांत शेवटी वळायचं. पत्र्यामागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून वरून हलक्या हाताने मठारत जायचं. घाईने मध्यावरच घाव घातला तर पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा अंगठ्याने दाबला की आत जातो, सोडला की डबकन बाहेर येतो. त्यावरही इलाज आहे: गॅसच्या ज्योतीने छोटासा ठिपका लाल करायचा, भोवतीने दोन-चार हलके ठोके द्यायचे, लगेच ओलं फडकं लावायचं. पत्रा आकसून जागेवर येतो. शेवटी कानस फिरवली की उंचवटे चकाकतात, खड्डे काळे राहतात. उरलेल्या खळग्यांत शिसं-कथलाची भरणी करण्याची पद्धत जुन्या कारागिरांकडे होती. सत्तर भाग शिसं आणि तीस भाग कथील असा हा मिश्रधातू १८३ अंशांच्या पुढे मऊ होतो, पण लगेच वाहत नाही, आणि लाकडी पट्टीने लोण्यासारखा पसरवता येतो. त्या शिशाच्या धुराने आणि भुकटीने कारागिरांच्या छातीला काय दिलं असेल, याचाही विचार करायला हवा.

गंजाची गोष्ट वेगळी. तो आतून येतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोकं चिखलाने बुजतात, पावसाळाभर पाणी आत साचतं, खाऱ्या हवेची त्यात भर पडते. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा गेलेलाच असतो. मग चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचं आणि तितक्याच जाडीचं ठिगळ दूरदूर टाके घालून, थंड होऊ देत जोडायचं. सिल कापायची असेल तर आधी गाडीला खालून आधार द्यायचा आणि दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी दांडा ठोकायचा, नाहीतर गाडी वाकलेल्या अवस्थेतच कायमची जोडली जाते.

१९८३च्या अखेरीस मारुती ८०० आली. हळूहळू नवे पत्रे सहज मिळू लागले, आणि ठोकून सरळ करण्यापेक्षा बदलणं स्वस्त झालं. पॉलिएस्टर पुट्टीने उरलेलं काम सोपं केलं. टॅक्सीवाल्याला पासिंगची तारीख गाठायची असे, गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडे. त्याने लवकर होणारं काम मागितलं, यात त्याचा दोष नव्हता. पण गंजावर थापलेली पुट्टी ओल धरते आणि तिच्याखाली गंज चालूच राहतो. ठिगळावर ठिगळ आणि त्यावर पुट्टीचे थर, अशा कितीतरी पद्मिनी टॅक्सींसाठीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे थेट भंगारात गेल्या.

आता उरलेल्या गाड्या हौशी मालक शोधत आहेत, ही आनंदाची बाब आहे. त्यांच्या दुरुस्तीत आता वापरल्या जाणाऱ्या मिग वेल्डिंगमुळे पत्रा कमी तापतो, कमी वाकतो. तरी त्याचा सांधा कडक राहतो आणि गॅस वेल्डिंगच्या सांध्यासारखा मठारून सपाट होत नाही. बॉनेटसारख्या मोठ्या उघड्या पत्र्यावर मी आजही गॅसवाल्या जुन्या हातालाच कौल देईन. कायद्यानेही या कामाला वजन आलं आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाच्या ट्युरिन सनदेचाही आग्रह असाच आहे: मूळ पत्रा वाचेल तितका वाचवा आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवा.

तुमच्या घरी अशी एखादी फियाट उभी असेल, तर रंगाच्या छटा निवडण्याआधी जुना रंग उतरवून उघडा पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्याचे फोटो काढून ठेवा. पोकळ सिलच्या आत मेण किंवा तेल फवारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. आणि काम हातोडी-डॉली चालवणाऱ्या डेंटरला द्या, तो मागेल तेवढा वेळ द्या, आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराची मजुरीही बिलात आनंदाने धरा.