क्रमवारी म्हणजे गुणतक्ता नव्हे

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला क्रमांक जिंकलेल्या सामन्यांच्या गुणांवर ठरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात एपी पोल (असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्था हंगामात दर आठवड्याला घेते तो क्रीडापत्रकारांचा कौल) हे मतदान आहे. प्रत्येक पत्रकार २५ संघांची यादी देतो. पहिल्याला २५ गुण, शेवटच्याला एक. रांगोळी स्पर्धेत परीक्षकांचे गुण मिळवतात, तसेच. संघ शंभराहून अधिक, प्रत्येकाचे सामने जेमतेम डझनभर. सगळे एकमेकांशी खेळणार कधी?

म्हणून ओहायो स्टेट-मिशिगनसारख्या जुन्या वैराच्या लढतीआधी नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. २०२४ मध्ये क्रमवारीतही नसलेल्या मिशिगनने दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर १३-१० असे हरवले. गंमत म्हणजे, पुढे राष्ट्रीय विजेतेपद ओहायो स्टेटनेच पटकावले. प्लेऑफचे (विजेतेपदाच्या बाद फेरीचे) संघ हा कौल ठरवत नाही. त्यासाठी वेगळी निवड समिती असते.