फ्यूज पुन्हा पुन्हा का जातो?

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड या दोन्ही तालुक्यांत सार्वजनिक जीवनाचा फार मोठा भाग उघड्या आकाशाखाली पार पडतो. रांजणगावच्या महागणपतीचा भाद्रपदातील उत्सव असो, अथवा आषाढीच्या वाटेवर यवत आणि वरवंड येथे मुक्कामास उतरणारी तुकोबारायांची पालखी असो, कीर्तनकाराचा शब्द शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोचविण्याची जबाबदारी अ‍ॅम्प्लिफायरवर येऊन पडते. ते यंत्र ऐन वेळी बंद पडले आणि नवा फ्यूज घालताच तोही वितळला, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यावर चोहोकडून सल्ल्यांचा वर्षाव होतो. परंतु वहिवाटीने रूढ झालेल्या या सल्ल्यांपैकी पुष्कळसे विद्युत्शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत, आणि काही तर प्रत्यक्ष धोकादायक आहेत. म्हणून त्यांची क्रमाने शहानिशा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज: फ्यूज कमी क्षमतेचा आहे, जाड तार घातली की काम भागते.

वस्तुस्थिती: नेमून दिलेल्या क्षमतेचा फ्यूज वारंवार जातो, तेव्हा मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह कोठेतरी खरोखरच वाहत असतो. जाड तारेने तो प्रवाह थांबत नाही. आता त्याची झळ ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांना, रेक्टिफायरला आणि प्रसंगी मंडपाच्या कापडालाही लागते. योग्य इलाज म्हणजे सर्व स्पीकर सोडवून यंत्र सिरीज बोर्डावर, १०० वॅटच्या तारेच्या दिव्यामार्फत चालू करणे. २३० व्होल्टवर असा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह जाऊ देतो, त्यामुळे तपास चालू असताना आणखी काही जळण्याची भीती पुष्कळ कमी होते. दिवा क्षणभर उजळून मंदावला, तर तो केवळ कंडेन्सर भारित होण्याचा प्रवाह होता. तसाच प्रखर राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजावे. एलईडी दिवा या कामी निरुपयोगी आहे.

गैरसमज: पुरवठा कोलमडतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच कमजोर आहे.

वस्तुस्थिती: भाराखाली दबणाऱ्याला दोषी ठरविण्यापूर्वी भार कोण टाकतो आहे हे पाहिले पाहिजे. यंत्र बंद करून, कंडेन्सरमध्ये उरलेला भार १०० ओहमच्या, १० वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवून, पुरवठ्यापासून अ‍ॅम्प्लिफायरचे बोर्ड अलग करावे आणि पुन्हा दिव्यामार्फत वीज द्यावी. प्लस आणि मायनस बाजूंस समान दाब, समजा ३५ व्होल्ट, स्थिर मिळत असेल आणि दिवाही मंद असेल, तर शोधाची दिशा बोर्डाकडे वळवावी. दिवा तरीही प्रखर असेल, तर मात्र ब्रिज रेक्टिफायर, फिल्टर कंडेन्सर आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर या क्रमाने तपास करावा.

गैरसमज: जळालेला आउटपुट ट्रान्झिस्टर बदलला की दुरुस्ती संपली.

वस्तुस्थिती: शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर बहुधा एकटा जात नाही. त्याचा जोडीदार, ड्रायव्हर, एमिटरचे रेझिस्टर आणि बायस ठरविणारा ट्रान्झिस्टर यांची खातरजमा केल्यावाचून नवा भाग बसविणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने धाडणे होय. बदली भागाची मर्यादाही पाहावी लागते: ±३५ व्होल्टच्या यंत्रात आउटपुट ट्रान्झिस्टरवर जवळजवळ ७० व्होल्टपर्यंत ताण येतो, आणि बाजारात सहज मिळणारा २एन३०५५ कलेक्टर-एमिटरमध्ये केवळ ६० व्होल्टसाठी बनविलेला आहे. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांमधील अभ्रकाची चकती फाटलेली असली, तर ट्रान्झिस्टर निर्दोष असूनही पुरवठा थेट सांगाड्याशी जोडला जातो. शेवटी बायस मोजावा: ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. हा आकडा यंत्र तापेल तसा चढतच राहिला, तर दोष अद्याप शिल्लक आहे.

गैरसमज: स्पीकर वाढविले तरी यंत्राचे काम तेवढेच राहते.

वस्तुस्थिती: ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम उरतात, चार जोडले की २. आउटपुटचा शिखर दाब ३२ व्होल्ट धरला, तर शिखर प्रवाह ८ ओहमवर ४ अँपिअर, ४ ओहमवर ८ आणि २ ओहमवर १६ अँपिअर होतो. तो सारा अखेर पुरवठ्यालाच द्यावा लागतो. दूरवर कर्णे लावताना १०० व्होल्टची लाइन वापरण्याची तजवीज याचसाठी आहे: तीवर १० वॅटचा एक कर्णा १००० ओहमचा ठरतो, आणि सर्व कर्ण्यांच्या वॅटची बेरीज यंत्राच्या क्षमतेच्या आत ठेवली की भाराचा हिशेब बिनचूक राहतो. मात्र लाइन-ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा साधा स्पीकर त्याच लाइनवर जोडण्याची गफलत झाली, तर तो एकटाच पुरवठ्यावर असह्य भार टाकतो.

गैरसमज: आवाजच येत नाही, तेव्हा यंत्रावर भार नाही.

वस्तुस्थिती: मनुष्याचा कान सुमारे २० किलोहर्ट्झच्या पुढचे ऐकत नाही, परंतु अ‍ॅम्प्लिफायर त्याहून कितीतरी वरच्या कंपनसंख्येवर आपोआप आंदोलित होऊ शकतो, आणि त्या मूक आंदोलनातही आउटपुट ट्रान्झिस्टर मोठा प्रवाह ओढून तापत राहतात. आउटपुटपासून जमिनीकडे जाणारी, सामान्यतः १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची, रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी करपलेली दिसली, तर याच दोषाचा संशय घ्यावा. ऑसिलोस्कोप उपलब्ध असल्यास तो निःसंशय दिसतो.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ एवढाच, की वितळलेला फ्यूज हा तपासाचा आरंभबिंदू आहे आणि प्रवाह नेमका कोठे जातो हा तपासाचा एकमेव प्रश्न आहे. दिवा, मल्टिमीटर आणि एकेक भाग अलग करण्याचा धीर एवढ्या साधनांवर शिरूरच्या पेठेतील किंवा दौंडच्या बाजारातील कोणताही कारागीर त्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर मिळवू शकतो. ज्या यंत्राभोवती रात्री शेकडो माणसे, त्यांत मुले आणि वृद्ध, विश्वासाने बसणार आहेत, ते यंत्र जाड तारेच्या भरवशावर चालू करून देण्याचा अधिकार कोणासही नाही.