रोहित लाखभर, घारी किती?

हिवाळा सरत आला की ओहोटीची वेळ साधून ऐरोलीच्या खाडीकाठी जा. चिखल गुलाबी दिसेल. हे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. ठाणे खाडीत काही वर्षी त्यांची गणना लाखावर गेली आहे. आता मान वर करून मासे टिपणाऱ्या ब्राह्मणी घारी मोजा. हाताची बोटे पुरतील. असे का बरे?

उत्तर चिखलातच आहे. उघड्या पडलेल्या चिखलावर हिरवट-तपकिरी साय दिसते. ती नीलहरित शैवले आणि करंडक वनस्पती यांची. सूर्यप्रकाश पकडून हे सूक्ष्म जीव अन्न तयार करतात. धाकटा रोहित चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीतल्या चाळणीने ही साय गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही याच अन्नातला! थोरला रोहित मात्र मुख्यतः चिखलातले कृमी, शिंपले, बारीक कवचधारी प्राणी खातो. शेजारी उभे असले तरी दोघे अन्नसाखळीच्या वेगळ्या पायऱ्यांवर आहेत.

प्रत्येक पायरीवर ऊर्जा गळते. खाल्लेल्यातले बरेचसे हालचालीत व श्वसनात खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पुढच्या पायरीला साधारण दहावा हिस्सा मिळतो. (हा आकडा ढोबळ आहे, तो कमीजास्त होतो.) अमेरिकेतील रेमंड लिंडेमन याने एका तळ्याचा असा ऊर्जेचा जमाखर्च मांडला. त्याचा निबंध १९४२ मध्ये छापून आला, तेव्हा तो हयात नव्हता. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला होता.

आता खाडीचा हिशेब करू. शैवलात १०,००० कॅलरी आहेत असे धरा. धाकट्या रोहितापर्यंत १,००० पोचतील. थोरल्यापर्यंत, मध्ये कृमी आल्यामुळे, १००. आणि शैवल, कोळंबी, मासा अशा वाटेने घारीपर्यंत फक्त १०! घारी थोड्या का, हे आता ध्यानात आले ना?

खाडीत दुसरीही वाट आहे. तिवराची पाने चिखलात गळतात. जीवाणू व बुरशी ती कुजवतात आणि तो चुरा खेकडे, कोळंबी खातात. कुजण्यातून क्षार चिखलात परततात, पण ऊर्जा परतत नाही. ती रोज सूर्याकडूनच यावी लागते.

हा सारा कारभार भरती-ओहोटीवर चालतो. ठाणे खाडीतील रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण भरतीला चिखल बुडाला की पक्षी नेरूळच्या तळ्यांत येऊन थांबतात. २०२४ मध्ये तिथल्या एका तळ्यात भरतीचे पाणी येणे थांबले आणि तळे सुकू लागले. पाण्याची वाट अडली की साखळी तळापासूनच तुटते.

जाता जाता एक कोडे. कोळीवाड्यात निवटीचे कालवण खाणारा माणूस कितव्या पायरीवर? काही निवट्या शैवल खातात, काही लहान खेकडे धरतात. तेव्हा उत्तर देण्यापूर्वी निवटी कोणती, ते आधी विचारा.