तवंदीचा घाट आणि उजवा पाय

डावा पाय क्लचवर आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवून आम्ही बेळगाव-निपाणी किती वेळा केले, याची गणती नाही. त्यामुळे मुलाने आपोआप गिअर बदलणारी गाडी घरी आणली, तेव्हा आता शिकायचे ते काय उरले, असेच वाटले. निपाणीहून परतताना तवंदीच्या चढावर हा भ्रम फिटला. पुढे मालमोटारींची रांग खोळंबली होती. गाडी मागे घसरू नये म्हणून आम्ही जुन्या सवयीने अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून ती चढावरच तोलून धरली. थोड्याच वेळात करपट वास येऊ लागला!

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त स्वयंचलित पद्धत रूढ झाली, तिच्या पोटात क्लच असतोच. तो दाबण्याचे काम तेवढे यंत्र करते. गाडी अशी तोलून धरली की अर्धवट टेकलेला क्लच घासत राहतो व तापतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या महाग गाड्यांत तेच तापणे तेलाच्या वाट्याला येते. चढावर थांबावे ते ब्रेकवर. खोळंबा लांबला तर हँडब्रेक ओढावा.

या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर केवळ वेग वाढवीत नाही. कोणता गिअर हवा, हेही यंत्राला त्यावरूनच कळते. हलका पाय ठेवला तर वरचा गिअर लवकर पडतो. एकदम खोल दाबला तर गाडी खालच्या गिअरवर उतरून जोर धरते, पण त्याआधी क्षणभर रेंगाळते. मालमोटारीला मागे टाकताना हा क्षण हिशेबात धरलाच पाहिजे. स्वस्त पद्धतीत गिअर बदलताना पाय थोडा सैल केला की हिसका बसत नाही. नवशिके नेमके तेव्हाच अधिक दाबतात. (आम्हीही दाबला.)

डाव्या पायाला मात्र पूर्ण रजा द्यावी. क्लचची सवय असलेला तो पाय ब्रेकवर पडला, तर मागच्याची धडगत नाही. दोन्ही पट्ट्या उजव्याच पायाने, टाच जमिनीला टेकवून सांभाळाव्यात. शहापूरच्या गल्लीतून गाडी बाहेर काढताना तर अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्शही नको. सपाटीवर ब्रेक सैल करताच बहुतेक स्वयंचलित गाड्या आपण होऊन सरकतात, आणि पाय ब्रेकवरच राहिल्याने घाबरून भलतीच पट्टी दाबली जाण्याचा धोका टळतो.

पुढच्या खेपेस निपाणीकडे घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून हाताने खालचा गिअर निवडला. इंजिनानेच गाडी आवरून धरली. ब्रेक अधूनमधूनच लावावा लागला.