मोमिनाबाद छावणींतील शनिवार-रविवार

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधींमुळें संग्राहकांस परिचित आहे. निजामी अमलांत तिचें नांव मोमिनाबाद असून तेथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ सालीं हें सैन्य हिंदी फौजेंत सामील झालें. अशा छावणींत इंग्रज अधिकारी व त्याची मडम यांचा शनिवार-रविवार भेटीगांठी, मेजवानी व प्रार्थना यांत जाई. निजामी कचेऱ्यांची सुटी मात्र शुक्रवारीं असे. तेव्हां कागद छावणीचा कीं कचेरीचा, याचा पहिला तर्क सुटीच्या वारावरून करतां येतो.

अशा दांपत्यांच्या निमंत्रणाच्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदां वार व तारीख असते, सन नसतो. म्हणून त्या निरुपयोगी समजल्या जातात. ही चूक होय. समजा, चिठ्ठीवर ‘रविवार, १० मे’ इतकेंच आहे. १८४६ पासून १८७४ पर्यंत हा योग १८४६, १८५७, १८६३, १८६८ व १८७४ या पांचच वर्षीं येतो. मीरतचा उठाव यांपैकीं १८५७ च्या रविवारचा. पुढें अधिकाऱ्याचा हुद्दा व त्याच्या नेमणुकीचीं वर्षें ताडून पाहिलीं म्हणजे बहुधा एकच सन उरतो. घरच्या नोकराचा मोडी खर्चाचा कागद जोडीस मिळाल्यास निर्णय अधिक दृढ होतो.

सरकारी दप्तर फौजेची हजेरी सांगतें. कोण कोणाच्या पंक्तीस बसला, हें सांगत नाहीं. यास्तव अशी चिठ्ठी हातीं आल्यास ती पाठीवरील मजकुरासह जपावी.